विसरल्या गेलेल्या कादंबरीकाराला पुन्हा जागा मिळते का? एका ग्रंथपालाचे उत्तर

आपल्या प्रश्नाचा सारांश प्रथम मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपले आजोबा सोलापुरातील एका कापड गिरणीत कारकून होते. १९४३ ते १९५८ या काळात त्यांच्या चार कादंबऱ्या आणि एक कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांना वाचकांची पत्रे येत असत आणि एका कादंबरीची दुसरी आवृत्तीही निघाली होती. १९७१ मध्ये ते वारले, आणि आज त्यांचे नाव कोणत्याही वाङ्मयेतिहासात सापडत नाही. कुटुंबाने त्यांच्या सर्व लेखनाचा एकच मोठा खंड काढण्याचे ठरवले आहे. त्याआधी आपल्याला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: लेखन मुळातच सामान्य होते म्हणून ते मागे पडले का, आणि पुन्हा छापल्यास त्याला जागा मिळेल का.

मी सोलापुरातील एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते, त्यामुळे हे उत्तर समीक्षकाचे नाही. समीक्षक पुस्तक वाचून मत देतो. आम्ही देवघेवीच्या टेबलामागे बसून ते पुस्तक कोण मागतो, कोणत्या सुमारास त्याची मागणी थांबते आणि माळ्यावर गेलेले कोणते पुस्तक कोणासाठी पुन्हा खाली आणावे लागते, हे पाहत असतो. आजोबांच्या कादंबऱ्या मी वाचलेल्या नाहीत, तेव्हा त्यांच्या दर्जाबद्दल मी काहीच बोलणार नाही. परंतु आपल्या प्रश्नात दर्जा आणि प्राक्तन या दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय खंड काढण्याचा निर्णय नीट होणार नाही, असे मला वाटते.

सार्वजनिक वाचनालयात पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक मिळतो, मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी चिकटवली जाते आणि ते वाचकांच्या हाती जाऊ लागते. कादंबरीला मागणी असेल तर चिठ्ठी भरते, तिच्यावर दुसरी चिठ्ठी चिकटते, शिवण उसवते, पुस्तक बांधणीला जाते, बांधणीत समास कापले जातात, आणि दुसऱ्या बांधणीनंतर मजकुराच्या कडा शिवणीत अडकू लागतात. शेवटी ते निर्लेखनाच्या यादीत येते, म्हणजे समितीची मान्यता घेऊन दाखल नोंदवहीतून कमी होते आणि रद्दीत जाते. याउलट कोणीच न मागितलेला एखादा जाडजूड टीकाग्रंथ कोऱ्या चिठ्ठीनिशी कपाटात साबूत राहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती आणि त्या वर्षांतली पुष्कळ पुस्तके हलक्या कागदावर छापली गेली. १९४३ मधली कादंबरी वाचकप्रिय असेल तर तिची प्रत टिकण्याची शक्यता आणखी कमी. म्हणून एखाद्या ग्रंथालयात आजोबांची पुस्तके सापडत नाहीत एवढ्यावरून ती कोणी वाचत नव्हते असा निष्कर्ष काढू नये. ती फार वाचली गेली म्हणून संपली, असेही असू शकते, आणि माझ्या अनुभवात लोकप्रिय कादंबऱ्यांच्या बाबतीत हेच अधिक वेळा घडलेले आहे.

झिजलेल्या पुस्तकाची नवी प्रत विकत घ्यायची की नाही, हे त्यापुढे ठरते, आणि कीर्तीचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथे सुरू होतो. नवी प्रत घेण्यासाठी ती बाजारात असावी लागते, बाजारात असण्यासाठी प्रकाशक जिवंत असावा लागतो, आणि प्रकाशकाने पुन्हा छापावे यासाठी अभ्यासक्रम, नाटक, चित्रपट, पुरस्कार किंवा निदान हट्टी वारसदार यांपैकी काहीतरी मागे उभे असावे लागते. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडे गेलेल्या लेखकाला ही साखळी सहज मिळत असे. सोलापुरातच छापून सोलापुरातच विकल्या गेलेल्या पुस्तकाला ती मिळत नसे. त्यात आपल्या आजोबांचा वाचक बहुधा गिरणीतला, चाळीतला, नव्याने साक्षर झालेला आणि अनेकदा घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलून मराठी शाळेत शिकलेला असणार. पुढे गिरण्या बंद पडल्या, कुटुंबे पांगली, आणि जो वाचकवर्ग आपल्या मुलांना ‘हे वाच’ असे सांगू शकला असता तो एकत्र राहिलाच नाही. याचा लेखनाच्या गुणवत्तेशी संबंध नाही.

कीर्ती एकसंध नसते, हेही येथे सांगायला हवे. सोलापुरात १९४१ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा वि. स. खांडेकर अध्यक्ष होते आणि त्यांच्या कादंबऱ्यांचे वेड महाराष्ट्राबाहेर भाषांतरांतूनही पसरलेले होते. पुढच्या समीक्षकांनी त्यांच्या ध्येयवादी, अलंकारिक शैलीकडे पाठ फिरवली, नव्या लेखकांनी त्या शैलीपासून दूर राहणे हेच आपले वेगळेपण मानले. तरीही १९५९ च्या ‘ययाति’ला आधी साहित्य अकादमीचा आणि १९७४ मध्ये ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, आणि ‘ययाति’ आजही मागितली जाते. मात्र त्यांच्या इतर कादंबऱ्या एकेकाळी रांग लावून वाचल्या जात आणि नंतर कपाटात शांत बसून राहिल्या, हे मी स्वतः पाहिले आहे. एकाच लेखकाच्या बाबतीत समीक्षकांची पत, पुरस्कार आणि वाचकांची मागणी या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या दिशांनी गेल्या. त्र्यं. वि. सरदेशमुख यांचे उदाहरण याच्या उलट आहे. ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीला २००३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, जाणकारांमध्ये त्यांचे नाव फार आदराने घेतले जाते, पण त्यांची पुस्तके मागणारा वाचक नेहमीच मोजका आणि ठरलेला असे. तो मोजका वाचक मात्र पुस्तक परत करताना त्याबद्दल बोलल्याशिवाय जात नसे.

आता थोडे मागे जाते, कारण सोलापूरच्या माणसाला जवळचे असे एक जुने उदाहरण येथे फार उपयोगी पडते. पेशवाईच्या उत्तरकाळातले शाहीर राम जोशी सोलापूरचे. परंपरा सांगते की त्यांनी मोरोपंतांच्या आर्या, म्हणजे आर्या वृत्तातल्या रचना, कीर्तनांतून गाऊन लोकांपर्यंत पोहोचवल्या. म्हणजे त्या काळी पंडित कवीची कीर्ती पसरवण्याचे काम एका लावणीकाराने केले. एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तक आणि इंग्रजी राजवटीतली शाळा आली तेव्हा या दोघांच्या जागा ठरू लागल्या. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ हा वेच्यांचा ग्रंथ सिद्ध केला आणि पुढच्या कित्येक पिढ्यांसाठी जुनी मराठी कविता म्हणजे काय, याची चौकट त्याने घातली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त मोरोपंतांच्या कवितेवर विस्ताराने लिहिले. ‘सुश्लोक वामनाचा’ने सुरू होणारे आणि मयूरपंतांच्या, म्हणजे मोरोपंतांच्या, आर्येला ज्ञानेशांच्या ओवीशेजारी बसवणारे वचन शाळकरी मुलांच्या तोंडी होते. शृंगारिक लावणीला मात्र शाळेत प्रवेश मिळणे शक्य नव्हते. शाहिरी रचना नीट गोळा करून छापण्याकडे लक्ष वळले ते बरेच नंतर, आणि तेही आधी पोवाड्यांकडे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ चा आहे.

आणि आज? मोरोपंतांचे प्रचंड काव्य विद्यापीठातल्या मराठी विभागाबाहेर क्वचितच उघडले जाते. सामान्य माणसाला त्यांचे जे आठवते ते ‘केकावली’तले ‘सुसंगति सदा घडो’, आणि तेही शाळेने पाठ करून घेतले म्हणून. राम जोशींची ‘सुंदरा मनामधिं भरली’ मात्र अजून गायली जाते, आणि १९४७ मध्ये त्यांच्यावर ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट निघाल्यावर ज्यांनी त्यांचे नाव कधी ऐकले नव्हते त्यांनाही ते ठाऊक झाले. या शंभर-दीडशे वर्षांत मोरोपंतांची एकही आर्या बिघडली नाही आणि राम जोशींच्या लावणीत एकही अक्षर सुधारले नाही. बदलले ते कविता कशासाठी हवी याबद्दलचे लोकांचे उत्तर. भाषेवरचे प्रभुत्व आणि पुराणकथेचे ज्ञान हवे होते तेव्हा आर्येला मान होता. लोकजीवनाचा ठसका आणि गाण्याची लय हवी झाली तेव्हा लावणी वर आली. उद्या पुन्हा वृत्तबद्ध रचनेची गोडी लागली तर पंतांचे दिवस येणारच नाहीत असे मी म्हणणार नाही.

‘काळ हाच खरा समीक्षक’ असे आपण आपल्या प्रश्नाच्या शेवटी लिहिले आहे. हे वाक्य मला कधीच पूर्ण पटलेले नाही. काळ स्वतः काहीही करत नाही, जे करतात ती माणसे करतात, आणि त्यांच्यापुढे प्रत असेल तरच करतात. तुकोबांचे अभंग लोकांच्या ओठी होतेच, तरी गाथेची काळजीपूर्वक संपादित छापील आवृत्ती इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये निघाली ती मुंबई सरकारने त्यासाठी चोवीस हजार रुपये मंजूर केले म्हणून. केशवसुत १९०५ मध्ये गेले तेव्हा त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. ह. ना. आपटे यांनी पुढे त्यांच्या कविता एकत्र छापल्या, आणि त्यानंतरच आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून त्यांचे स्थान पक्के होऊ शकले. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये वारल्या. त्यांची गाणी लिहून ठेवलेली होती, मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, आणि आचार्य अत्र्यांसारख्या माणसाने ती पाहून डोक्यावर घेतली, म्हणून १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ आपल्याला मिळाली. त्यांच्याच पिढीत जात्यावर रचणाऱ्या आणखी किती जणी होत्या, हे कोणताही काळ आता सांगू शकणार नाही.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे मला सर्वांत महत्त्वाचे उदाहरण वाटते, आणि आपल्यालाही तेच लागू पडण्यासारखे आहे. १८८२ मध्ये छापलेले हे छोटे पुस्तक जवळजवळ शतकभर विस्मृतीत होते. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, आणि नेमक्या त्याच सुमारास स्त्रियांच्या प्रश्नांकडे नव्याने पाहणारा वाचक तयार होत होता. आज एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार त्याला वगळून करताच येत नाही. समजा ते १९२५ मध्ये पुन्हा छापले असते, तर त्याला हा मान मिळाला असता का? मला शंका वाटते. आणि १९७५ मध्ये त्याची एकही प्रत शिल्लक नसती, तर हा प्रश्नही कोणाला पडला नसता. महात्मा फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये लिहिले गेले, ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले, आणि ते छापून आले थेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मराठी नाटकाचा इतिहास त्यानंतर वेगळ्या रीतीने मांडावा लागला. म्हणजे विसरलेल्या पुस्तकाचे पुनरागमन होण्यासाठी दोन गोष्टींची भेट व्हावी लागते: नवा प्रश्न घेऊन आलेला वाचक, आणि तोवर टिकलेली प्रत. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही. दुसरी पूर्णपणे आपल्या हातात आहे.

नव्या प्रश्नाचे स्वरूप मात्र आजोबांना अभिप्रेत नसलेलेही असू शकते, याची कुटुंबाने तयारी ठेवावी. बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले ते ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी. आज ते वाचले जाते ते मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आणि विधवांच्या स्थितीचे चित्र म्हणून. रेव्हरंड टिळक हे आपल्या काळातले मोठे कवी, पण आज त्यांच्या घरातले सर्वाधिक वाचले जाणारे पुस्तक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ आहे. लेखकाने ज्यावर जीव ओतला ते पुष्कळदा आधी जुने होते, आणि जे सहज लिहून गेला ते टिकते. आजोबांच्या कादंबरीत १९४३ मधला एखादा प्रेमभंग आणि एखादे देशभक्तीचे भाषण असेल, तर तशी प्रकरणे त्या काळच्या कितीतरी कादंबऱ्यांत आहेत. परंतु गिरणीचा भोंगा, पाळीचे वेळापत्रक, कारकुनाच्या टेबलावरून दिसणारा हजेरीचा कारभार, साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या विणकरांची बोली, सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी अमलाच्या, आणि फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या चाळीतल्या आठवणी यांपैकी काही त्यात उतरले असेल, तर इतिहासाच्या आणि भाषेच्या अभ्यासकाला ते इतरत्र सहसा मिळणार नाही. ते उतरले आहे की नाही हे मला माहीत नाही. आपण पुन्हा वाचताना पेन्सिल घेऊन हीच पाने खुणा करून ठेवावीत असे मी सुचवेन.

कवितासंग्रहाबद्दल थोडेच सांगते. कवितेची कीर्ती बहुधा एकेका कवितेची असते. आपल्या सोलापूरच्या कवी कुंजविहारींची ‘भेटेन नऊ महिन्यांनी’ ही फाशी जाणाऱ्या क्रांतिकारकाच्या तोंडची कविता ज्यांना आठवते त्यांतल्या अनेकांना कवीचे नाव सांगता येत नाही. संग्रहात अशी एखादी कविता असेल तर कुटुंबातल्या वयस्कर मंडळींना ती पाठ असेल. त्यांना आधी विचारावे.

एवढ्यावरून माझे मत आपल्या लक्षात आले असेल: सर्व साहित्याचा एक हजार पानी खंड आत्ता काढू नये. असे खंड प्रकाशन समारंभात वाटले जातात, नातेवाइकांच्या कपाटात जातात, आणि वाचनालयात आले तरी त्यांचे वजन पाहूनच वाचक ते परत ठेवतो. अपवाद आहेत, पण ते आधीच प्रसिद्ध असलेल्या लेखकांचे. त्याऐवजी एकच कादंबरी निवडावी, शक्यतो सोलापूर जिच्यात सर्वाधिक आहे ती. मूळ मजकुरात एकही शब्द ‘सुधारू’ नये. सोलापूरच्या इतिहासाचा अभ्यास असलेल्या एखाद्या प्राध्यापकाकडून प्रस्तावना लिहून घ्यावी आणि वाचकांची जुनी पत्रे परिशिष्टात द्यावीत. ही पत्रे मला कादंबरीइतकीच मोलाची वाटतात, कारण गिरणगावातला वाचक काय वाचत होता आणि कसे वाचत होता याचे लेखी पुरावे फार कमी उरले आहेत.

त्याआधी प्रतींची व्यवस्था लावावी. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांत कागद पिवळा करून खाते. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. प्रत्येक पुस्तकाचे मुखपृष्ठापासून मागच्या जाहिरातींपर्यंत सर्व पानांचे स्कॅनिंग करून घ्यावे. जाहिराती वगळण्याची सवय सार्वत्रिक आहे, पण त्या काळी प्रकाशकाकडे आणखी कोण लेखक होते हे त्यांतूनच कळते. घरात एकापेक्षा जास्त प्रती असतील तर एक पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि एक शहरातल्या जुन्या वाचनालयाला, म्हणजे हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी, द्यावी. देताना संदर्भ विभागात ठेवण्याची लेखी विनंती करावी, नाहीतर ती देवघेवीत जाऊन पुन्हा निर्लेखनाच्याच वाटेला लागेल. घरात नसलेल्या पुस्तकाचा शोध घ्यायचा असेल तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ पाहावी. आम्ही ग्रंथपाल तिला नुसते ‘दाते सूची’ म्हणतो. तिच्यात १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची नोंद आहे, त्यामुळे पहिल्या कादंबऱ्या तिथे सापडण्याची चांगली शक्यता आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरावीक ग्रंथालयांना पाठवण्याचे बंधन घातले. १९५८ ची कादंबरी तिथे असू शकते, मात्र छोट्या गावातले सगळे प्रकाशक हे बंधन पाळत होते असे समजू नये.

हक्कांचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण पुढे तोच अडवेल. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो; आजोबा १९७१ मध्ये गेले, म्हणजे तो २०३१ अखेरपर्यंत आहे. तो त्यांच्या सर्व वारसांचा असतो, केवळ ज्याच्या घरी आजोबांच्या कागदपत्रांची ट्रंक आहे त्याचा नव्हे, म्हणून काका-आत्यांच्या मुलांसह सर्वांची लेखी संमती घ्यावी. शिवाय त्या काळी गरजू लेखक एकरकमी पैसे घेऊन प्रकाशकाला हक्क लिहून देत असत. ट्रंकेत तशी पावती किंवा करारपत्र आहे का, हे नीट पाहावे, आणि असल्यास छापण्याआधी वकिलाला दाखवावे.

जागा मिळेल का, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाला मी होय किंवा नाही असे उत्तर देत नाही, कारण ते कादंबरीत काय आहे आणि पुढचा वाचक काय शोधत येईल यावर अवलंबून आहे. चारही कादंबऱ्यांच्या शीर्षकपानाची पुढची-मागची बाजू आणि प्रत्येकीचे पहिले प्रकरण येथे टाकलेत, तर प्रकाशक व मुद्रणालय पाहून प्रती आणखी कुठे शोधाव्यात हे मला अधिक नेमके सांगता येईल, आणि चौघींपैकी कोणती आधी छापावी याबद्दलचे माझे मतही मी लिहीन.